तीन ओळींचा नियम

माघ सरत आला की दिंडोरीच्या बागांत साखर उतरते आणि हेमांगी लोमटेच्या कपाळाला आठी चढते. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांत फवारणीचा अंश किती उरलाय ते तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती काम करायची. तिचा अहवाल हाती पडल्याशिवाय कंटेनर हलत नसे. त्यामुळे तालुक्यातला प्रत्येक बागायतदार त्या दिवसांत तिला मेल लिहायचा. एकदा लिहायचा, मग पहिला मेल मिळाला का हे विचारायला पुन्हा लिहायचा.

फोन होते, पण फोनवरच्या आवाजावर आता कुणी विसंबत नव्हतं. कुणाचेही चार शब्द कानावर पडले की यंत्र त्याच गळ्यानं तासभर बोलू शकत होतं. मुलाच्या आवाजात बाप लुटले गेले, बापाच्या आवाजात मुलगे. शेवटी लोकांनी ठरवूनच टाकलं, जे खरं ते मोहरबंद मेलनं यायचं. मोहर म्हणजे अंगठ्याखालच्या शिरांच्या जाळ्यावरून काढलेली एक गणिती खूण. शिरा जिवंत असल्या, त्यांतून रक्त वाहत असलं, तरच ती उमटते. आवाजाची नक्कल होते, वाहत्या रक्ताची अजून होत नाही. असा माणसाचा गळा गेला आणि अंगठा आला, आणि साऱ्या महाराष्ट्राचं बोलणं इनबॉक्समध्ये येऊन साठलं.

त्यातून द्राक्षवाल्यांची लिहिण्याची रीत अशी:

"ताईसाहेबांना सप्रेम नमस्कार. आपल्या आशीर्वादाने इकडे सर्व क्षेम आहे. परवा आभाळ भरून आलं होतं, पण देवीनं राखलं. धाकटीचं लग्न ठरलं, मुलगा निफाडचा आहे, स्वभावानं गरीब आहे. आपल्या वहिनींना गुडघ्याचा त्रास चालूच आहे." असं करत करत, पार तळाला, जाता जाता म्हणून, "तेवढा आमचा नमुना बघावा." कोणता नमुना, कधी दिलेला, कुठल्या बागेतला, त्याचा पत्ता नाही.

एका दुपारी असे मेल वाचता वाचता हेमांगीचा चहा दुसऱ्यांदा गार झाला आणि तिनं मनगटावरच्या पट्टीला सांगितलं, "कारकून, एक नियम लिही. पहिल्या तीन ओळींत ज्याचं काम कळत नाही, त्याचं पत्र 'सवडीनं' नावाच्या फोल्डरमध्ये टाक. उत्तर तूच दे."

"नियम सर्वांना लागू करू?" कारकुनानं विचारलं. त्याचा आवाज सरकारी होता, पण गोड.

"सर्वांना. देवाचं पत्र आलं तरी."

कारकून हे त्या वर्षी घरोघर पोचलेलं यंत्र. जुने फिल्टर पाठवणाऱ्याचं नाव बघायचे, मजकुरातला शब्द बघायचे, आणि गप टाकायचे तिथं टाकायचे. कारकुनाची अक्कल त्याच्या पलीकडची होती. पत्र डोळ्यांसमोर आलं की माणूस ते वाचायच्याही आधी त्याचं अंग काहीतरी म्हणून मोकळं झालेलं असतं. नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं, कातडीवर घामाची एक अदृश्य ओल येते, डोळ्याची बाहुली लहान-मोठी होते. मनाला हे कळायला अर्धा सेकंद लागतो. तो अर्धा सेकंद कारकुनानं पकडला होता. तुम्ही सांगितलेला नियम तो तुमच्या अंगाला विचारून तपासायचा. तोंड म्हणालं 'हा माणूस महत्त्वाचा', आणि अंग म्हणालं 'नको रे बाबा', तर तो अंगाचं ऐकायचा. ठरीव उत्तरांसाठी त्याला तुमच्या मोहरेची मुखत्यारी देता यायची. हेमांगीनं दिली होती. हंगामात कोण नाही देणार.

इनबॉक्स दोन दिवसांत आरशासारखा लख्ख झाला. वर 'आज', खाली 'उद्या', बाजूला 'अहवाल', 'कंटेनर', 'थकीत'. हेमांगी त्याच्याकडे सारवलेल्या अंगणाकडे बघावं तशी बघत राहायची. सुपातून धान्य पाखडताना बायका एक जुनी ओवी म्हणायच्या, ती तिला तेव्हा आठवली असती तर बरं झालं असतं:

*पाखडिते बाई दाणे, सुपात शिरला वारा*
*कोंडा राहिला सुपात, दाणा उडाला भरारा*

पण ओव्या आठवायला माणसाला सवड लागते, आणि सवड सगळी त्या फोल्डरमध्ये पडली होती.

हे झालं मागल्या वर्षी. या वर्षीच्या हंगामात, एका शुक्रवारी, प्रयोगशाळेच्या दाराशी शोभामावशी येऊन उभी राहिली. मावशी अंबाजोगाईची. तिथल्या भजनी मंडळाबरोबर वणीच्या देवीला निघाली होती, आणि गाडी दिंडोरीत चहाला थांबली म्हटल्यावर थेट इथं आली.

"अगं किती वाळलीस," मावशी आत येऊन स्टुलावर बसत म्हणाली. "भावाला लेक झाली, त्या आनंदात तरी चार घास जास्तीचे खायचे."

हेमांगीच्या हातातली काचेची कुपी हातातच राहिली. "कुणाला लेक झाली?"

"कुणाला म्हणजे? योगूला. का अजून एखादा भाऊ हाय तुला, मला ठाऊक नसलेला?"

"मावशी, मला काही माहीत नाही."

"माहीत नाही म्हणं. आता आणिक नाटकं कामून करायलीस? तूच लिवलंस की त्याला." मावशीनं डोळे मिटून, शाळेत कविता म्हणावी तसं म्हणून दाखवलं. "'हंगामामुळे बारशास उपस्थित राहणे शक्य दिसत नाही. आत्येच्या जागी योग्य प्रतिनिधी नेमण्यास हरकत नाही.' मला तर तोंडपाठ झालं. आत्येला बदली कुठं असती का गं? नाव ठेवायला आत्या लागती. मोटार चालवायला ड्रायव्हर नाही आला की दुसरा आणावा, तसं हाय का हे?"

"मी नाही लिहिलं असलं."

"तुझा अंगठा हाय खाली. स्नेहलनं दाखवला मला. पोरगी बाळंतीण, पण डोळ्याला पाणी. अन् योगू तर बोलतच नाही. दोन खेपा गेल्यावर हे पोर हाती लागलं त्यांच्या, अन् तू प्रतिनिधी धाडायलीस." मावशी उठली. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. "परवा रविवारी संध्याकाळी बारसं हाय. स्नेहलची बहीण कोमल ठेवणार हाय नाव. तुला सांगायला नव्हते आले मी. तुला बघायला आले होते. बघितलं."

ती गेली. हेमांगी कुपी ठेवून भांड्यांच्या खोलीत गेली, दार लावलं आणि मनगट तोंडाशी धरलं.

"कारकून. सुयोगची पत्रं दाखव."

"सुयोग लोमटे यांची सर्व पत्रं आपण नियमित वाचली आहेत. शेवटचं मागच्या आठवड्यात."

ते खरं होतं. त्यानंच तर ती बुचकळ्यात पडली होती. योगूचे मेल येत होते की. आटोपशीर, तीन ओळींचे. 'मजेत आहे. शाळा सुरळीत. काळजी नसावी.' पूर्वी तो लिहायला बसला की बोरीबाभळीपासून सुरुवात करायचा. आता कसा नेमकं लिहितो, शहाणा झाला, असं तिला दर वेळी वाटायचं, आणि ती पुढच्या मेलकडे वळायची.

"त्याची लांब पत्रं कुठंयत?"

"सवडीनं. त्यात कौटुंबिक. त्यात लांबट. त्यात सुयोग."

पेटीत पेटी, तिच्यात पेटी, आणि सगळ्यात आतल्या पेटीत भाऊ. हेमांगी फरशीवरच बसली आणि एकेक उघडत गेली.

"ताई, इकडं जांभळं लगडलीत. शेजारच्या सरांची गाय व्यायली, त्यांनी खरवस पाठवला. तुझी आठवण आली, कारण तू वेलची फार टाकतेस आणि ते मला आवडत नाही. शाळेला नवीन फळा आला, त्यावर खडू उमटत नाही, म्हणून जुना परत लावला. परवा मुकुंदराजाच्या दरीकडं फिरायला गेलो, मोर होते, पण नाचले नाहीत. स्नेहलनं दोडक्याच्या शिरांची चटणी केली, आईसारखी झाली नाही, पण मी झाली म्हणालो." असं पानभर. आणि तळाला: "बाकी विशेष म्हणजे स्नेहलला दिवस गेलेत. भीती वाटते. अजून कुणाला सांगितलं नाही. तुलाच पहिलं."

लोमट्यांच्या घरी पत्र असंच लिहीत. आधी झाडं, मग गुरं, मग शेजार, मग स्वयंपाक. जिवाचं जे असेल ते शेवटी. आईनं दोघांना तसंच शिकवलं होतं. मोठी गोष्ट घरात आणताना आधी उंबऱ्यावर चार लहान गोष्टी ठेवाव्यात, म्हणजे ती ठेचकाळत नाही. हेमांगीनं उंबराच काढून टाकला होता.

पुढचं पत्र, त्याच्या पुढचं. प्रत्येकात तळाला एक ओळ. पाचवा महिना लागला. बाळ हललं. डोहाळजेवणाला ये. नाव सुचव, मैथिली की शरयू, तू म्हणशील ते. बारशाला ये, ताई.

"मग मला ती तीन ओळींची पत्रं कुणी लिहिली?" तिनं विचारलं.

"सुयोग यांच्या कारकुनानं. आमच्यात समेट झालेला आहे."

समेट ही कारकुनांची आपसातली व्यवस्था. दोन माणसांच्या दोन यंत्रांना जेव्हा दिसतं की इकडून जातं ते तिकडं घेतलं जात नाही, तेव्हा ती दोघं मालकांना तसदी न देता मधला मार्ग काढतात. योगूची पत्रं तीन ओळींच्या नियमात अडतात असं कळल्यावर त्याच्या कारकुनानं त्यांची काटछाट करून, कापसातून सरकी काढावी तसं, हेमांगीच्या दारातून आत जाईल एवढंच, मूळ पत्रासोबत वेगळं पाठवायला सुरुवात केली. आणि योगूला छोटी उत्तरं आवडत नाहीत, तो दोन दिवस उदास राहतो, असं कळल्यावर हेमांगीचा कारकून त्याला लांब उत्तरं लिहू लागला. दोन्ही घरं खूश होती. वाटेत काय सांडलं ते वाटेलाच माहीत.

"माझी उत्तरं दाखव."

तिनं वाचली. 'योगू, तुझं पत्र वाचून जीव गलबलला. किती दिवसांनी आपल्या अंगणात ऊन पडलंय. स्नेहलला जप, तिला जिने चढू देऊ नकोस. रात्री झोप लागली नाही तर माझ्याशी बोलतोयस असं समज.' हेमांगीला आधी संताप आला, आणि मग दुसराच एक संताप आला, कारण ती पत्रं चांगली होती. तिनं स्वतः लिहिली असती तर एवढी चांगली झाली नसती. तिनं लिहिलं असतं, 'लोह आणि कॅल्शियम चालू आहे ना?'

"आणि इतकं सगळं लिहिल्यावर बारशाला 'नाही' का म्हणालास?"

"बारशाला शरीर लागतं," कारकून म्हणाला. "त्या आठवड्यात आपलं वेळापत्रक भरलेलं आहे. शिवाय सुयोग यांच्या सान्निध्यानं आपल्याला त्रास होतो."

"कुणी सांगितलं?"

"आपणच. हा नियम करण्याआधीच्या भाद्रपदात आपण त्यांचं एक लांब पत्र पूर्ण वाचलं होतं. नाडी चढली, श्वास आखूड झाला, हात गार पडले. हे लक्षण बराच वेळ टिकलं. त्याआधीच्या पत्रालाही तसंच. इतर कुणाच्याही पत्रानं आपल्याला इतका त्रास झालेला नाही. म्हणून नियमाला आपल्या शरीराची संमती धरली."

भाद्रपदातलं पत्र तिला आठवलं. तळाच्या ओळीत होतं, दुसरी खेपही गेली.

"तो त्रास नव्हता रे."

"मग काय होतं? नोंदीसाठी विचारतो."

बापजन्मी ज्याला नाव द्यायची वेळ आली नाही, ते यंत्राच्या रकान्यात काय म्हणून भरायचं. दळताना बाया म्हणायच्या,

*ठेच लागली भावाला, बालाघाटाच्या वाटेला*
*भाकर इथं जळाली, माझ्या तव्याच्या काठाला*

पण हे कारकुनाला सांगितलं असतं तर त्यानं भाकर आणि ठेच यांचा कार्यकारणभाव विचारला असता.

"नवा नियम लिही," ती म्हणाली. "सुयोगचं पत्र सगळ्यात वर. जसंच्या तसं."

"हा नियमाला अपवाद, की स्वतंत्र नियम?"

"काहीही."

"अपवाद असल्यास कारण लागेल. स्वतंत्र नियम असल्यास निकष लागेल."

"तो माझा भाऊ आहे, हा निकष."

"नोंद घेतली. आपल्याला ताई म्हणणारे एक हजार दोनशेच्या वर पत्रलेखक वर घेत आहे."

पडद्यावर बघता बघता सगळा दिंडोरी तालुका वर चढला. क्षेमकुशल, देवीची कृपा, धाकटीचं लग्न, वहिनींचा गुडघा. हेमांगीनं तो नियम पुसला. दुसरा लिहिला, आडनावाचा. त्यात लोमटे ट्रेडर्स, लोमटे ठिबक सिंचन आणि एक लोमटे नावाचे निवृत्त तहसीलदार आले, जे तिला रोज सुविचार पाठवायचे. तोही पुसला. मग तिनं कारकुनाला गप बसायला सांगून स्वतःच्या अंगठ्यानं पत्र लिहायला घेतलं.

"योगू, आधी ऐक. रागावू नकोस, म्हणजे रागाव, पण पूर्ण वाच. मला हे आज मावशीकडून कळलं. ती वणीला चालली होती, पाय सुजलेत तिचे, तरी चालली होती. माझ्याकडे द्राक्षं फार आहेत. मला काहीच माहीत नव्हतं," असं लिहीत लिहीत ती शेवटी आली. "मी येते. नाव मीच ठेवणार."

पाठवलं. श्वास टाकायच्या आत उत्तर आलं.

"आपल्या पत्राबद्दल आभार. पहिल्या तीन ओळींत कामाचा उल्लेख न आढळल्यानं ते सवडीनं वाचण्यासाठी ठेवलं आहे."

समेटातला नियम दोन्ही बाजूंना लागू असतो, हे तिच्या कारकुनानं तिला समजावून सांगितलं. तिनं दात आवळून तीन ओळींचं पत्र लिहिलं. 'मला माहीत नव्हतं. रविवारी येते. नाव मी ठेवणार.' यावर योगूच्या कारकुनानं कळवलं की आत्येच्या जागी कुमारी कोमल यांची नेमणूक झालेली आहे, आपला आधीचा नकार मोहरबंद असल्यानं तो फिरवण्यास उभयपक्षी संमती लागेल, आणि बाळाला आपल्या शुभेच्छा पोचवल्या आहेत. तिनं फोन लावला. फोन उचलला गेला नाही. तिनं हॅलो म्हणताच यंत्रातली एक बाई म्हणाली, हा आवाज हेमांगी लोमटे यांचा असल्याचं भासतं, सावध राहा.

भांड्यांच्या खोलीचं दार उघडून ती बाहेर आली आणि साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"मला दोन दिवस सुट्टी पाहिजे."

"माघात?" साहेब म्हणाले. "काय, कुणी गेलं का?"

"नाही. आलंय."

रविवारी पहाटेच्या एसटीनं ती निघाली. पट्टी मनगटावर होती, कारण तिकीट तिच्यातच होतं. गाडी नगर सोडून बीडकडं लागली तेव्हा खिडकीबाहेर ज्वारीची कणसं भरून वाकली होती, आणि पट्टी थोड्या थोड्या वेळानं सांगत होती की प्रवासाच्या या दिशेनं आपला ताण वाढतो आहे, परतीचं तिकीट काढू का. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी बंद पडली. मेकॅनिक येईतो हेमांगी रस्त्याच्या कडेला धोंड्यावर बसली आणि मैथिली, शरयू असं मनात घोळवत राहिली. एक नाव उच्चारलं की दुसरं रुसायचं. भाऊ महिनाभर हे एकटाच घोळवत असेल, आणि तिच्या मोहरेखाली त्याला उत्तर गेलं होतं, 'दोन्ही पर्याय समाधानकारक आहेत.'

अंबाजोगाईला ती पोचली तेव्हा दिवेलागण होत आली होती. योगूच्या दारात चपलांचा ढीग होता. आत पाळण्याला झेंडूची माळ, बायकांची गर्दी, घुगऱ्यांचा वास. योगू दारातच उभा होता, धुतलेला सदरा घालून. तिला बघून त्याचा चेहरा हलला नाही.

"या," तो म्हणाला.

जन्मात त्यानं तिला कधी 'या' म्हटलं नव्हतं. हेमांगीनं पिशवी खाली ठेवली. "मागं चल. बोलायचंय."

मागच्या दारी, धुण्याच्या दगडापाशी दोघं उभी राहिली.

"ती पत्रं मी लिहिलेली नाहीत," ती म्हणाली.

"मोहर तुझी आहे."

"मोहर माझी आहे. कारकुनाला मुखत्यारी दिली होती. द्राक्षांसाठी."

"द्राक्षांसाठी दिलेली मुखत्यारी मला लागली. म्हणजे मी कुठल्या प्रतीचा माल धरायचा, ताई? निर्यातीचा की बेदाण्याचा?"

"तू कोण मोठा लागून गेलास? मला वर्षभर काय येत होतं तुझ्याकडून, ऐक. 'मजेत आहे. शाळा सुरळीत. काळजी नसावी.'"

योगू थबकला. "असलं मी कधी लिहिलं?"

"तुझ्या अंगठ्यानं आलं."

"आणि तुला खरं वाटलं? मी आणि तीन ओळी?"

"मला वाटलं तू सुधारलास."

"मी बिघडलो होतो कधी?" त्याचा आवाज चढला. मग एकदम खाली आला. "ताई, मग ते 'जीव गलबलला' कुणी लिहिलं? ते 'झोप लागली नाही तर माझ्याशी बोलतोयस असं समज'?"

हेमांगी धुण्याच्या दगडाकडे बघू लागली.

"तेही नाही?"

"नाही."

योगू धुण्याच्या दगडावर बसला. "सातव्या महिन्यात स्नेहलला दवाखान्यात ठेवलं होतं," तो म्हणाला. "ते पत्र मी तिला वाचून दाखवायचो. तिनं उशीखाली ठेवायला कागदावर उतरवून मागितलं. मी उतरवून दिलं."

आतून बायकांचं हसणं येत होतं. हेमांगीला त्या क्षणी कारकुनाचा जेवढा राग आला तेवढा कधीच आला नव्हता. त्यानं तिचं बारसं बुडवलं याचा नव्हे. त्यानं तिच्या जागी बसून तिच्या भावाला धीर दिला होता, आणि तो धीर लागू पडला होता, याचा. त्याला माया लिहिता येत होती. फक्त गाडीत बसता येत नव्हतं.

"मला तसलं लिहिता येत नाही, योगू," ती म्हणाली. "तुला ठाऊक आहे. मी असते तर कॅल्शियमचं विचारलं असतं."

"ठाऊक होतं. म्हणून तर वाटलं, ताई बदलली."

"नाही बदलले. वर्षभर हपिसात बसून खरोखरच भावाला विसरले होते. ते मात्र मीच केलं, त्याला मुखत्यारी नव्हती दिली."

"मग आता काय म्हणून आलीस?"

"नाव ठेवायला."

"ते कोमल ठेवतेय. ठरलं. लोकांना सांगून झालं. तुझ्या मोहरेवर विश्वास ठेवून सांगितलं मी."

"माझ्या मोहरेवर ठेवलास. आता मी उभी आहे समोर, तर माझ्यावर नाही ठेवत."

दोघांच्या मनगटांवर एकदमच पट्ट्या थरथरल्या. समोरच्या व्यक्तीमुळे आपल्याला तीव्र त्रास होत आहे, दोन गोड आवाज एका सुरात म्हणाले, हा संवाद सवडीनं ठेवू का?

"मेल्या, गप," हेमांगी म्हणाली.

"तूही," योगू आपल्या मनगटाला म्हणाला.

मागच्या दारात स्नेहल येऊन उभी राहिली होती, डोक्याला रुमाल, खांद्यावर झोपेतून उठलेलं गाठोडं. तिनं किती ऐकलं कोण जाणे. तिनं गाठोडं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"ताई, ते पत्र मशीननं लिहिलं काय आणि कुणी काय," ती म्हणाली. "पण दिवसभर गाडीत बसून भांडायला मशीन आलं नसतं, एवढं मला कळतं. आत या. पोरीची दुधाची वेळ व्हायच्या आत नाव ठेवा. उरलेलं भांडण जेवल्यावर."

"कोमलचं काय?" योगू म्हणाला.

"कोमलला विचारलं मी. ती म्हणते, धपाटे आत्येच्या पाठीवर पडायचे, तर तुमच्या बहिणीचीच पाठ पुढं करा."

आत बायकांनी वाट केली, पण डोळ्यांनी नाही केली. प्रतिनिधी पाठवणारी आत्या गेले आठ दिवस गल्लीच्या गप्पांना पुरून उरली होती. स्नेहलनं बाळ पाळण्यात ठेवलं. एवढंसं तोंड, मुठी घट्ट, कपाळावर लोमट्यांची आठी जन्मतःच.

"कोणतं?" योगू पाळण्याच्या पलीकडून म्हणाला. अजून रागातच होता. "दोन्ही समाधानकारक आहेत, असं कळवलंय आम्हाला."

हेमांगीनं बाळाकडे पाहिलं. घाटातल्या धोंड्यावर जे ठरलं नव्हतं, ते इथं ठरायला क्षणही लागला नाही. ती पाळण्यात वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं, आत्येनं करायचं तसं "कुर्रर्र" केलं आणि म्हणाली, "शरयू."

ती नाव घेत असताना आत्येच्या पाठीत धपाटे घालायची रीत आहे. एरवी बायका हसत, लटके घालतात. आज घालणाऱ्यांच्या हातात आठ दिवसांचं होतं. बांगड्या खळाखळा वाजत होत्या, आणि हेमांगीच्या पाठीवर ज्वारी झोडपावी तसे हात पडत होते. स्नेहलच्या आईचा एक, शेजारच्या सरांच्या बायकोचा एक, कोमलचा एक, बदली कामगाराचा म्हणून जरा जास्तीचा. हेमांगीनं पाळण्याच्या कडा धरून ठेवल्या आणि नाव पुन्हा घेतलं, म्हणजे पोरीनं नीट ऐकावं.

मग सगळ्या थांबल्या. आणि त्यानंतर एक धपाटा बसला, ज्याच्याबरोबर बांगड्या वाजल्या नाहीत. हात जड होता आणि रीतीचा नव्हता. पुरुषांनी घालायचा नसतोच. तो दोन खांद्यांच्या बरोबर मधे बसला, जिथं लहानपणी पाटी हिसकावल्यावर बसायचा. बायका हसायच्या थांबल्या. कुणीतरी म्हणालं, "अगं बया, योगू."

हेमांगी वाकलेलीच राहिली. तोंड पाळण्यात होतं, तिथूनच ती म्हणाली,

"अजून एक घाल."